गुदाशयाचा कर्करोग: एमआरआय आणि पॅथॉलॉजी यांची जुळणी कशी करायची

ट्यूमर बोर्डात, म्हणजे कर्करोगाच्या डॉक्टरांच्या एकत्र बैठकीत, एमआरआयचा अहवाल टी३ (गाठ स्नायूच्या पलीकडे चरबीत) म्हणतो, पॅथॉलॉजीचा टी२ (गाठ स्नायूपर्यंतच). मग खोलीत एकच प्रश्न घुमतो: चुकलं कोण? बहुतेक वेळा कुणीच चुकलेलं नसतं. दोघांनी वेगळ्या तारखेला, वेगळ्या पातळीवर, वेगळ्या कोनातून पाहिलेलं असतं आणि बैठकीच्या पाच मिनिटं आधी दोन कागद शेजारी ठेवून आपण त्यालाच ‘जुळणी’ म्हणतो. खरी जुळणी ग्रॉसिंगच्या, म्हणजे काढलेला अवयव कापून तपासण्याच्या टेबलावर होते, सुरी लावण्याआधी आणि लावताना. एकदा काप चुकीचे पडले की पुढे कितीही स्लाइड पाहिल्या तरी हरवलेला पत्ता सापडत नाही.

हा लेख पॅथॉलॉजी, रेडिऑलॉजी आणि सर्जरीच्या निवासी डॉक्टरांसाठी आहे. उदाहरण गुदाशयाचं, म्हणजे रेक्टमचं घेतलं आहे, कारण एमआरआय आणि स्पेसिमेन (काढलेला अवयव) यांची कापागणिक जुळणी तिथे नीट जमते.

टप्पा १: ऑपरेशनआधी एक पान भरून घ्या

पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर नुसतं ‘सीए रेक्टम’ लिहून येतं. त्यावरून स्पेसिमेन कापणं म्हणजे पत्ता न विचारता गावात घर शोधणं. रेडिऑलॉजिस्टकडून एका पानावर एवढं लिहून घ्या:

- एमआरआयची तारीख, आणि तो उपचाराआधीचा की नंतरचा.
- गाठीची खालची कड गुदद्वारापासून किती उंचीवर आणि गाठीची लांबी किती.
- गाठ घड्याळाच्या कोणत्या आकड्यापासून कोणत्या आकड्यापर्यंत.
- सगळ्यात खोल गेलेली जागा, आणि मेसोरेक्टल फॅशियाच्या (गुदाशयाभोवतीच्या चरबीवरच्या पातळ आवरणाच्या) सगळ्यात जवळची जागा. ही दोन ठिकाणं अनेकदा वेगळी असतात.
- भिंतीबाहेरच्या शिरांत गाठ शिरली आहे का, म्हणजे ईएमव्हीआय, आणि कुठे.
- संशयास्पद नोड (लसिकाग्रंथी): गाठीच्या वर, समोर की खाली, आणि कोणत्या आकड्यावर.
- पेरिटोनियमची (पोटाच्या आतल्या अस्तराची) घडी गाठीच्या वर की खाली.
- या प्रत्येकापुढे इमेजचा क्रमांक.

शेवटची ओळ सगळ्यात जास्त टाळली जाते आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडते. ‘मागच्या बाजूला फॅशियाजवळ’ आणि ‘७ वाजता, मालिका ५, इमेज १४’ यांतला फरक सुरी हातात घेतल्यावर कळतो.

उंची लिहिताना ती कुठून मोजली हेही लिहा. कोलोनोस्कोपीतली उंची आणि एमआरआयवरची उंची क्वचितच सारखी येते, कारण स्कोप वळणावरून आत जातो आणि आतडं ताणलं जातं.

त्याच वेळी एमआरआयचा दर्जाही पाहून घ्या. टी२-वेटेड प्रतिमा (हा ‘टी२’ एमआरआयच्या तंत्राचा, गाठीच्या टप्प्याचा नव्हे), फॅट सप्रेशन (चरबीचा उजेड दाबणं) नाही, ३ मिमी जाडीचे काप, आणि मुख्य म्हणजे गाठीच्या लांबीला काटकोनात घेतलेले तिरके अ‍ॅक्सियल (आडवे) काप हवेत. सरळ अ‍ॅक्सियल कापांत आतड्याची भिंत तिरकी कापली जाते, स्नायूचा थर जाड आणि पुसट दिसतो आणि टी२ चा टी३ होतो. असा एमआरआय हाती आला तर पानावर तसं लिहून ठेवा. पुढे विसंगती निघाली की कारण शोधत बसावं लागत नाही.

सावधान: उपचाराआधीच्या बायोप्सीत फक्त ‘हाय-ग्रेड डिस्प्लेशिया’ (कर्करोगाच्या आधीचा पेशींतला बदल) आला आणि एमआरआय टी३ दाखवत असेल, तर बायोप्सीने कॅन्सर नाकारला असं समजू नका. चिमट्याने घेतलेला तुकडा वरवरचा असतो, खोली त्याला कळत नाही. बायोप्सी पुन्हा घ्या.

टप्पा २: ऑपरेशन थिएटरमध्ये स्पेसिमेन उघडू नका

आतडं बाहेर काढलं की सर्जनला गाठ पाहायची असते. गाठीखाली पुरेसं मोकळं आतडं सुटलं का ही त्यांची काळजी रास्त आहे. पण कात्री पुढच्या बाजूने गाठीतून गेली की भोवतालच्या कडेचा, म्हणजे सीआरएमचा पुरावा तिथेच फाटतो. बघायचंच असेल तर वरच्या टोकाकडून उघडत या आणि गाठीच्या अलीकडे थांबा. गाठीची खालची कड बोटाने चाचपून कळते.

स्पेसिमेन ताजा मिळाला तर उत्तम. नाहीतर रुंद तोंडाच्या डब्यात, स्पेसिमेनच्या निदान १० पट फॉर्मॅलिनमध्ये पाठवा. अरुंद तोंडाच्या बरणीत कोंबलेलं आतडं दुमडल्या अवस्थेतच कडक होतं आणि मग त्याला सरळ करणं कुणाच्याच हातात राहत नाही.

गाठीच्या खालच्या कडेपासून आतडं कापलेल्या टोकापर्यंतचं अंतर ताजं असतानाच मोजा. फॉर्मॅलिनमध्ये आतडं आक्रसतं. सर्जनने मोजलेले २ सेंटिमीटर पॅथॉलॉजीत कमी भरले, याचा अर्थ कुणी खोटं मोजलं असा होत नाही.

टप्पा ३: आधी फोटो, मग दर्जा, मग शाई

हा क्रम उलटा करणारे बरेच आहेत. शाई लावली की मेसोरेक्टमवरच्या चिरा आणि खड्डे झाकले जातात, म्हणून पुढून आणि मागून फोटो आधी काढा.

नंतर मेसोरेक्टमचा, म्हणजे गुदाशयाभोवतीच्या चरबीचा दर्जा ठरवा. पृष्ठभाग गुळगुळीत, कुठलाही खड्डा ५ मिमीपेक्षा खोल नाही: पूर्ण. खड्डे ५ मिमीपेक्षा खोल, पण स्नायू उघडा पडलेला नाही: जवळपास पूर्ण. स्नायू दिसतो आहे: अपूर्ण. ही नोंद जुळणीत फार मोलाची ठरते, का ते सातव्या टप्प्यात येईल.

पुढची आणि मागची बाजू ओळखायला पेरिटोनियमची घडी पाहा. पुढे ती खालपर्यंत उतरलेली असते, मागे वरच संपते. मागचा मेसोरेक्टम जाडजूड, पुढचा पातळ.

आता शाई. पृष्ठभाग आधी गॉझने टिपून कोरडा करा. डाव्या आणि उजव्या बाजूला दोन वेगळे रंग द्या. एकाच काळ्या रंगात सगळं रंगवलं की काप टेबलावर सुटे झाल्यावर डावं-उजवं ओळखायला काहीच उरत नाही. शाई लावल्यावर पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचा हात फिरवला तर ती पसरत नाही.

सावधान: पेरिटोनियमने झाकलेला चकचकीत भाग सीआरएममध्ये येत नाही. गाठ तिथे पृष्ठभागावर फुटली तर तो टी४ए होतो, कड बाधित होत नाही. या दोन गोष्टींची गल्लत अहवालात सर्रास दिसते.

टप्पा ४: मुरू द्या, मग आडवे काप घ्या

गाठीचा भाग बंदच ठेवा. आतड्याच्या पोकळीत वरून आणि खालून फॉर्मॅलिनमध्ये भिजवलेली गॉझची पट्टी सैल सारा. ४८ तास ही किमान मुदत, ७२ तास दिले तर काप अधिक नेटके पडतात. ‘अहवाल कधी?’ म्हणून फोन येतील. येऊ द्या.

काप आतड्याच्या अक्षाला काटकोनात, ३ ते ५ मिमी जाडीचे, लांब सुरीच्या एकाच ओढीत घ्या. करवतीसारखी मागेपुढे सुरी चालवली की चरबी फाटते. एमआरआयचे तिरके काप गाठीला काटकोनात होते, म्हणून इथेही काटकोनच हवा. क्रमांक खालच्या टोकापासून वर द्या, कारण एमआरआयची उंचीही खालूनच मोजलेली असते.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. एमआरआयची प्रतिमा आपण रुग्णाच्या पायाकडून पाहतो. १२ वाजता पुढची बाजू, ३ वाजता रुग्णाची डावी, ९ वाजता उजवी. सर्जनचं घड्याळही लिथॉटॉमी स्थितीत (रुग्ण पाठीवर, पाय वर उचललेले) असंच असतं. निवासी डॉक्टर असताना मी काप टेबलावर मांडले ते वरचा पृष्ठभाग माझ्याकडे करून, म्हणजे डोक्याकडून पाहिल्यासारखे. १२ आणि ६ जागेवर राहिले, बाकी सगळं घड्याळ उलटं झालं. एमआरआयने ७ वाजता कड धोक्यात आहे असं सांगितलं होतं. मी मोठ्या काळजीने ब्लॉक (स्लाइडसाठी मेणात बसवायचे तुकडे) घेतले ते ५ वाजताचे. कड मोकळी, असा मसुदाही लिहिला. विभागातल्या मॅडमनी कापांचा फोटो पाहिला आणि विचारलं, ‘डावीकडचा हिरवा रंग तुझ्या फोटोत डावीकडे कसा?’ डबा टाकला नव्हता म्हणून वाचलो. योग्य जागेचे ब्लॉक घेतले तेव्हा गाठ शाईपासून अर्ध्या मिलिमीटरवर होती.

तपासा: कापाचा खालचा पृष्ठभाग तुमच्याकडे, पुढची बाजू वर. रुग्णाच्या डाव्या बाजूचा रंग तुमच्या उजव्या हाताला दिसला पाहिजे. तसा नसेल तर एकूण एक काप उलटा करा. मग मोजपट्टी ठेवून सगळ्या कापांचा एकत्र फोटो काढा.

टप्पा ५: पातळी जुळवा, काप मोजून नव्हे

‘एमआरआयची १४वी इमेज म्हणजे माझा १४वा काप’ हे गणित चालत नाही. तिथली जाडी ३ मिमी, इथली ४ किंवा ५, वर आतडं आक्रसलेलं. खुणा धरून चाला: गाठीची खालची कड, वरची कड, पेरिटोनियमची घडी, एखादा ठळक नोड, फुगलेली शीर. दोन खुणा पक्क्या झाल्या की मधलं प्रमाणात काढता येतं.

समजा एमआरआयवर गाठ ४५ मिमी लांब आहे आणि फॅशियाच्या सगळ्यात जवळची जागा खालच्या कडेपासून ३० मिमीवर, म्हणजे दोन तृतीयांश उंचीवर. टेबलावर तीच गाठ ३६ मिमी भरली. दोन तृतीयांश म्हणजे २४ मिमी. ४ मिमीचे काप असतील तर गाठीच्या खालच्या कडेपासून सहावा काप जिथे संपतो आणि सातवा सुरू होतो ती जागा. दोन्ही काप पाहा आणि दोन्हींतून ब्लॉक घ्या.

रेडिएशननंतर हे प्रमाण ढासळतं, कारण गाठ सगळीकडून सारखी आक्रसत नाही. तिथे गाठीच्या कडांपेक्षा पेरिटोनियमची घडी आणि व्रणाची जागा जास्त भरवशाची.

जमलं तर या टप्प्यावर रेडिऑलॉजिस्टना १० मिनिटं खाली बोलवा. प्रतिमा स्क्रीनवर, काप टेबलावर. या १० मिनिटांत जे उलगडतं ते नंतरच्या ३ बैठकांत उलगडत नाही. येणं शक्य नसेल तर कापांचा फोटो पाठवा, रुग्णाचं नाव झाकून.

टप्पा ६: ब्लॉक प्रश्नांची उत्तरं देण्यासाठी घ्या

पहिल्या टप्प्यातल्या पानावरचा प्रत्येक मुद्दा हा एक प्रश्न आहे, आणि प्रत्येकाला निदान एक ब्लॉक. सगळ्यात खोल जागा; कडेच्या सगळ्यात जवळची जागा, शाईसकट; ईएमव्हीआयची जागा; प्रत्येक संशयास्पद नोड वेगळ्या कॅसेटमध्ये (तुकडा ठेवायच्या छोट्या डबीत). कापांच्या फोटोवर ब्लॉकची अक्षरं लिहून ठेवा. हा नकाशा नसेल तर स्लाइड हातात असूनही ती घड्याळात कुठली हे सांगता येत नाही.

नोड निदान १२ शोधा. रेडिएशननंतर ते कमी आणि बारीक मिळतात, पण तेवढं कारण देऊन शोध थांबवू नका. वरचे, गाठीसमोरचे आणि खालचे नोड वेगळे ठेवा, आकार लिहा. सगळे नोड एकाच डब्यात टाकले की ‘एमआरआयने दाखवलेला ८ मिमीचा तो नोड बाधित होता का?’ या प्रश्नाला उत्तर राहत नाही.

उपचारानंतर डोळ्यांना गाठ दिसत नसेल, तर व्रणाचा भाग पूर्णच्या पूर्ण ब्लॉकमध्ये घ्या आणि गरज पडली तर खोलवरचे छेदही (त्याच ब्लॉकमधले आणखी आतले काप) मागवा. दोन ब्लॉक पाहून ‘पूर्ण प्रतिसाद’ लिहिणं धाडसाचं आहे, आणि धाडस रुग्णाच्या जिवावर होतं.

टप्पा ७: एकेक मुद्दा घेऊन तुलना करा

सगळ्यात आधी तारखा. रेडिएशन घेतलेल्या रुग्णाचा वायपीटी (उपचारानंतर पॅथॉलॉजीने ठरवलेला टी) हा उपचारानंतरच्या एमआरआयशीच जोडायचा. फाइलमध्ये सर्वांत वर असलेला एमआरआय उचलला जातो आणि तो बऱ्याचदा उपचाराआधीचा निघतो. उपचाराआधीच्या एमआरआयवर टी३, पॅथॉलॉजीत वायपीटी१, यात विसंगती काहीच नाही. उपचाराने काम केलं आहे.

खोली. टी२ आणि सुरुवातीचा टी३ यांच्यात सर्वाधिक घोळ होतो. गाठीभोवती शरीर तंतुमय प्रतिक्रिया उभी करतं, तिचे बारीक काटे चरबीत शिरतात आणि एमआरआयवर ते गाठीसारखेच दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली नुसते तंतू, गाठीच्या पेशी नाहीत. अशा वेळी टी३ए (स्नायूबाहेर १ मिमीपेक्षा कमी) आणि टी२ यांवर वाद घालण्यात अर्थ नाही, उपचाराचा निर्णय सहसा त्यावर अडत नाही. गाठ स्नायूबाहेर ५ मिमीच्या अलीकडे की पलीकडे, ही रेषा जास्त महत्त्वाची.

कड. दोन्हीकडे मर्यादा १ मिमीची असल्याने लोकांना वाटतं, मोजमाप एकच आहे. ते एक नाही. रेडिऑलॉजिस्ट गाठीपासून मेसोरेक्टल फॅशियापर्यंत मोजतात, म्हणजे निसर्गाने आखलेल्या रेषेपर्यंत. पॅथॉलॉजिस्ट गाठीपासून शाईपर्यंत मोजतो, म्हणजे सर्जनची सुरी जिथून गेली तिथपर्यंत. मेसोरेक्टम अपूर्ण निघाला असेल तर एमआरआयवर मोकळी असलेली कड पॅथॉलॉजीत बाधित येऊ शकते आणि दोन्ही अहवाल बरोबर असू शकतात. तिसऱ्या टप्प्यातला दर्जा इथे कामी येतो. तो लिहिलेला नसेल तर दोष विनाकारण रेडिऑलॉजिस्टच्या माथी बसतो. कड कशामुळे बाधित झाली, मुख्य गाठीमुळे, नोडमुळे, शिरेतल्या गाठीमुळे की सुट्या डिपॉझिटमुळे (चरबीतल्या गाठीच्या वेगळ्या पुंजक्यामुळे), हेही लिहा.

नोड. एमआरआयचा हा सगळ्यात कच्चा विषय. एस्गार या युरोपीय संघटनेच्या २०१६ च्या बैठकीतल्या निकषांप्रमाणे उपचाराआधी आखूड व्यास ९ मिमी किंवा अधिक असेल तर नोड संशयास्पद. ५ ते ८ मिमीला गोल आकार, वेडीवाकडी कड आणि आतला असमान रंग यांपैकी दोन लक्षणं लागतात, त्याहून लहान असेल तर तिन्ही. तरीही ४ मिमीच्या नोडमध्ये गाठ सापडते आणि १० मिमीचा नोड निर्दोष निघतो. आपल्याकडे आणखी एक शक्यता कायम ध्यानात ठेवा: क्षयरोग. मोठ्या नोडमध्ये कॅन्सरऐवजी ग्रॅन्युलोमा (क्षयरोगात दिसणारा पेशींचा पुंजका) निघाला तर तो अहवालात ठळक लिहा, त्या रुग्णाचा पुढचा उपचार बदलू शकतो.

आणि एक सापळा. एमआरआयने श्रोणीच्या बाजूच्या भिंतीवरचा नोड संशयास्पद म्हटला, पॅथॉलॉजीत एन० (एकही नोड बाधित नाही). जुळत नाही? तो नोड डब्यात आलाच नव्हता. नेहमीच्या शस्त्रक्रियेत मेसोरेक्टम निघतो, बाजूची भिंत तशीच राहते. जे पाठवलंच नाही त्याबद्दल पॅथॉलॉजी काही सांगू शकत नाही, आणि ही विसंगती नजरेआड झाली तर गाठ रुग्णाच्या शरीरात राहते.

शिरा. गाठीने पूर्ण व्यापलेली शीर साध्या एच-अँड-ई स्लाइडवर गोल डिपॉझिटसारखी दिसते. शेजारी एकटी धमनी दिसली आणि तिची जोडीदार शीर सापडत नसेल, तर इलास्टिन स्टेन (शिरेच्या भिंतीतले तंतू दाखवणारा रंग) मागवा. एमआरआयने ईएमव्हीआय सांगितला असेल तर हा स्टेन न करता ‘नाही’ लिहू नका.

म्यूसिन. उपचारानंतर एमआरआयवर पांढरी चकाकणारी तळी दिसतात. त्यांत पेशी आहेत की नुसता चिकट द्रव, हे सूक्ष्मदर्शकच सांगतो. पेशी नसतील तर ते उरलेली गाठ म्हणून मोजत नाहीत, नोडमध्येही नाही.

प्रतिसादाची श्रेणी, म्हणजे टीआरजी. इथे आकडे थेट फसवतात. एमआरआयच्या एमआर-टीआरजीत १ म्हणजे उत्तम, ५ म्हणजे प्रतिसाद नाही. पॅथॉलॉजीत मँडार्ड पद्धतीतही १ उत्तम, ५ वाईट. एजेसीसीच्या पद्धतीत ० उत्तम, ३ वाईट. ड्वोरॅकमध्ये मात्र उलटं: ४ म्हणजे गाठ पूर्ण नाहीशी, ० म्हणजे काहीच फरक नाही. नुसतं ‘टीआरजी ४’ लिहिलेल्या अहवालावर एकाने पेढे वाटावेत आणि दुसऱ्याने डोकं धरावं अशी स्थिती होते. पद्धतीचं नाव लिहिल्याशिवाय आकडा लिहू नका.

टप्पा ८: विसंगतीला नाव द्या

बहुतेक विसंगती या चारांपैकी एका कारणात बसतात: वेळ वेगळी, पातळी वेगळी, व्याख्या वेगळी, किंवा वाचनात खरीच चूक. पहिली तीन तपासून बाद झाल्यावरच चौथीकडे या. कारण एका वाक्यात पुरवणी अहवालात लिहा: ‘एमआरआयमधील ७ वाजताची फॅशियाजवळची जागा काप ६ मध्ये तपासली, तेथे तंतुमय ऊती, गाठीच्या पेशी नाहीत.’ एवढं पुरतं.

मूळ अहवाल बदलू नका, कुणाचाच. एमआरआय कुठे पाहायचं ते सांगतो, काय दिसलं हे त्याने सांगायचं नाही. टी३ अपेक्षित होता म्हणून काठावरचा टी२ ढकलून टी३ करणं ही जुळणी नव्हे.

मोठ्या आतड्याच्या वरच्या भागात, कोलनमध्ये, ही सगळी कसरत लागत नाही. तिथे सीटी असतो, आणि टी१, टी२ वेगळे करणं त्याच्या आवाक्यात नाही. सीटीने जिथे पृष्ठभाग खडबडीत दाखवला त्या जागेचे ब्लॉक पेरिटोनियमसकट घ्या, म्हणजे टी४ए निसटत नाही.

नातेवाइकांनी हा लेख वाचला तर त्यांच्यासाठी इतकंच. एमआरआय एका गावात, ऑपरेशन दुसऱ्या शहरात, तपासणी तिसऱ्या लॅबमध्ये, असं आपल्याकडे नेहमीचं आहे. मुंबईला टाटा मेमोरियलला किंवा कुठेही दुसरं मत घ्यायला जाताना नुसते अहवाल नेऊ नका. एमआरआयची फिल्म पुरत नाही, सीडी घ्या. उपचाराआधीची आणि नंतरची अशी दोन्ही. लॅबमधून स्लाइडबरोबर ब्लॉकही मागा.

आणि निवासी डॉक्टरांसाठी शेवटची सूचना: ब्लॉक घेऊन उरलेले काप क्रमाने, गॉझच्या घड्यांत गुंडाळून, लेबल लावून डब्यात ठेवा. ट्यूमर बोर्डाची बैठक होऊन पुरवणी अहवालावर सही होईपर्यंत तो डबा कुणालाही टाकू देऊ नका.